डिफेंडरचा गंजलेला बल्कहेड: भोक केवढं आहे त्यापेक्षा कुठे आहे ते पाहा

पत्र:

नमस्कार. माझ्याकडे १९९५ सालची लँड रोव्हर डिफेंडर ११० आहे, ३०० टीडीआय इंजिनाची. आधी बाबा चालवायचे, आता मी चालवते. पाऊस झाला की ड्रायव्हरच्या पायाखालचा मॅट भिजतो. परवा मॅट आणि त्याखालचा फोम काढला, तर पेडलखालच्या पत्र्याला मुठीएवढं भोक पडलंय, त्यातून जमीन दिसते. समोरच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात रंगाला फोडही आलेत. एक मिस्त्री म्हणतात, दोन दिवसांत तुकडा मारून देतो. ओळखीचे एक गृहस्थ सांगतात, इंजिन आणि केबिन यांच्यामधला अख्खा बल्कहेड बदला, जस्त चढवलेला नवीन मिळतो. माझ्या धाकट्या भावाकडे मिग वेल्डर आहे आणि त्याचा हात बरा आहे. तुकडा मारावा की बल्कहेड बदलावा? बदलायचा तर घरी जमेल का?

उत्तर:

ताई,

तुमच्या पत्रातल्या मुठीएवढ्या भोकापेक्षा मला काचेखालच्या कोपऱ्यातले फोड जास्त खटकले. भोक डोळ्यांना दिसतं, म्हणून त्याची धास्ती बसते. पण पाय ठेवायचा तो भाग, म्हणजे फूटवेल, हा बल्कहेडमधला दुरुस्तीला सगळ्यात सोपा भाग. पत्रा बराचसा सपाट, दोन्ही बाजूंनी हात पोचतो, तयार फूटवेल विकत मिळतात आणि बऱ्या हाताचा वेल्डर ते व्यवस्थित बसवतो. कोपऱ्याचं तसं नाही. तिथे पत्र्यांचे थर एकमेकांवर येतात, आत पोकळी असते, आणि वरच्या रंगाला फोड येतो तेव्हा गंज आतलं काम उरकून बाहेर पोचलेला असतो. म्हणून भोकाच्या आकारावरून काही ठरवू नका, ते कुठे आहे त्यावरून ठरवा.

बल्कहेड म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधली नुसती भिंत असती तर तुमच्या मिस्त्रींचं म्हणणं मी लगेच मान्य केलं असतं. पण डिफेंडरमध्ये पुढच्या दोन्ही दारांच्या बिजागऱ्या त्याच्यावर, काचेची फ्रेम त्याच्यावर, स्टिअरिंगचा दांडा, ब्रेक आणि क्लचची पेडलं, डॅशबोर्ड, हीटर, वायपर, सगळं त्याच्यावरच टांगलेलं आहे. दोन्ही मडगार्डांची मागची कड त्यालाच बोल्टने जोडलेली. आणि हे सगळं ओझं घेऊन तो चासीच्या दोन आउटरिगरांवर (चासीच्या बाजूंना बाहेर आलेल्या आधारांवर), दारांच्या खांबांच्या पायांनी उभा असतो. घराच्या चौकटीसारखं आहे हे: ती ओळंब्यात नसेल तर सुतार कितीही चांगला असो, दार घासणारच.

हाच भाग इतका कुजतो याचं कारण गाडीच्या जन्मात आहे. पहिली लँड रोव्हर १९४८ मध्ये ॲमस्टरडॅमच्या मोटार प्रदर्शनात आली. महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये पोलादाची टंचाई होती, ॲल्युमिनियम त्यामानाने मिळत होतं, म्हणून बाहेरचे पत्रे ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे केले. चासी आणि बल्कहेड मात्र पोलादाचेच राहिले, कारण ताकद तिथे लागते. ही मांडणी जुन्या डिफेंडरचं उत्पादन जानेवारी २०१६ मध्ये थांबेपर्यंत मुळात बदलली नाही. त्यामुळे गाडी बाहेरून ठणठणीत दिसते, मालक निर्धास्त राहतो आणि पोलाद आत निमूटपणे संपत जातं. त्यात ॲल्युमिनियम आणि पोलाद एकमेकांना टेकलेले, मध्ये चिखल आणि मिठाचं किंवा साधं मळकं पाणी साचलेलं. अशा जोडीत आधी ॲल्युमिनियम झिजतं. मडगार्डाच्या कडेला पांढरी भुकटी दिसते ती त्याचीच. ती भुकटी फुगून रंग उचलते, सांधा उघडतो, आणि मग पोलादालाही पाणी मिळतं.

आता तपासणी. एक बोथट स्क्रूड्रायव्हर, एक छोटी हातोडी आणि चांगली बॅटरी घ्या. मडगार्डाच्या आतला चिखल आधी धुऊन काढा. खांब आणि मडगार्ड यांच्यातल्या फटीत वर्षानुवर्षं माती दाबून बसते आणि ती कधी पुरती वाळत नाही. चांगल्या पत्र्यावर हातोडी टणटण वाजते, कुजलेल्यावर बद्द आवाज येतो. बद्द वाटलं तिथे स्क्रूड्रायव्हर जोर लावून टेकवा. आत गेला तर गेला, तो पत्रा आधीच गेलेला होता. पुढच्या जागा नीट बघा: काचेच्या फ्रेमचे ब्रॅकेट बसतात ते वरचे दोन्ही कोपरे, हवेच्या झडपांखालची पट्टी, बिजागऱ्यांच्या मागचा खांब, फूटवेल खांबाला मिळतो तो उभा सांधा आणि खांबाचा आउटरिगरवर टेकलेला पाय. शेवटची जागा गाडीखाली झोपूनच दिसते, म्हणून ती बहुतेक जण सोडून देतात. तुम्ही सोडू नका. झोपायच्या आधी गाडी सपाट जागी उभी करा आणि चाकांना पाचर लावा. जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचं असेल तर स्टँड लावल्याशिवाय जाऊ नका.

तीन चाचण्या भावाला बरोबर घेऊन करा. इंजिन सुरू ठेवून, गिअर न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक ओढून, भावाला ब्रेक जोरात दाबायला सांगा. तुम्ही बोनेट उघडून पेडलबॉक्स बल्कहेडला जिथे बसतो तिथे बघत राहा. पत्रा हलता कामा नये. तो वाकत असेल तर तुमच्या पायाची ताकद ब्रेकपर्यंत पोचण्याआधी पत्रा वाकवण्यात जाते, आणि अशी गाडी आजपासून रस्त्यावर काढू नये. दुसरी चाचणी: स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून वर-खाली ढकला आणि दांड्याच्या ब्रॅकेटकडे बघा. तिसरी: दार अर्धं उघडून त्याचं टोक उचला. बिजागरी सैल असेल तर खेळ पिनेत दिसेल. पण बिजागरीसकट खांबच हलत असेल तर प्रश्न बल्कहेडचा आहे.

फक्त फूटवेल गेला असेल, वरचा कोपरा खरवडल्यावर खाली घट्ट पत्रा लागला आणि खांबांचे पाय शाबूत असतील, तर बल्कहेड काढू नका. फूटवेल बदला. पण मिस्त्री "तुकडा मारतो" म्हणतात तेव्हा तुकडा कसा मारणार ते विचारा. गंजलेल्या पत्र्यावरच वरून चकती ठेवून कडेने वेल्डिंग केलं, किंवा रिबेट मारून सीलंट भरलं, तर दोन पत्र्यांच्या मध्ये पाणी धरून ठेवणारी नवीन पोकळी तयार होते. चांगलं धातू लागेपर्यंत कापून काढायचं आणि नवा पत्रा कडेला कड लावून जोडायचा, हीच खरी दुरुस्ती. असं काम मन लावून करणारा माणूस दोन दिवस म्हणत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवा.

कोपरा, बिजागऱ्यांचा खांब आणि खांबाचा पाय, या तिन्हींपैकी दोन जागी स्क्रूड्रायव्हर आत गेला तर मात्र माझं स्पष्ट मत बदला असं आहे. एकेक जागा गाडीवरच कापून जोडत गेलात तर प्रत्येक वेळी बल्कहेडचा एकेक आधार सुटतो, आकार थोडा थोडा सरकतो, आणि शेवटी मजुरी नव्या बल्कहेडच्या पुढे जाते. तुमच्या वर्णनावरून मला बदलण्याकडेच कल दिसतो, पण पाय तपासल्याशिवाय पैसे भरू नका.

नवा मागवताना गाडीची पूर्ण माहिती द्या: सालच नव्हे, इंजिन, स्टिअरिंग उजवं की डावं, एसी आहे की नाही. डिफेंडरचे बल्कहेड दिसायला सारखे असले तरी कंस आणि भोकं बदलत गेली. २००७ मध्ये नवं इंजिन आणि नवा डॅशबोर्ड आला तेव्हा काचेखालच्या हवेच्या झडपाच गेल्या, म्हणजे तो बल्कहेड तुमच्या गाडीचा नव्हेच. डिफेंडरच्या आधीच्या, सीरीज नावाच्या लँड रोव्हरांचेही वेगळे. पार्सल आलं की जुन्याशेजारी ठेवून प्रत्येक भोक जुळवा. परत करायचा असेल तर रंग लागायच्या आतच परत करता येतो.

जस्त चढवलेलाच घ्या. पोलाद साधारण ४५० अंश सेल्सिअसच्या वितळलेल्या जस्तात बुडवतात, त्यामुळे पोकळ्यांच्या आतही थर बसतो, आणि जुना बल्कहेड नेमका आतूनच कुजला होता. दोन गोष्टी मात्र माहीत असू द्या. त्या उष्णतेने पातळ पत्रा थोडा वाकू शकतो. आणि जस्त नटांच्या आट्यांमध्ये साचतं, कडांवर थेंब गोठतात. प्रत्येक आट्यातून टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवून घ्या आणि थेंब कानशीने हलकेच घासा. ग्राइंडर लावून आख्खा थर उडवू नका.

आता ज्या कामात सगळ्यात जास्त वेळ घालवायचा, ते काम. जुन्याचा एकही बोल्ट सैल करण्याआधी मापं घ्या. गाडी सपाट जमिनीवर, चारही चाकांवर उभी असू द्या, जॅकवर नको, कारण उचलल्यावर चासी किंचित पीळ घेते. प्रत्येक दाराच्या चौकटीत पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत वर, मध्ये आणि खाली अशी तीन आडवी मापं आणि दोन तिरकी मापं. दोन पुढच्या खांबांमधलं आडवं अंतर. चासीवरच्या एखाद्या न हलणाऱ्या भोकापासून खांबाच्या वरच्या टोकापर्यंतचं अंतर, दोन्ही बाजूंनी. दाराच्या चारही कडांच्या फटी. पायाखाली शिम (फट भरायच्या पातळ चकत्या) असतील तर कुठल्या बाजूला किती आणि किती जाड. सगळं वहीत लिहा, शिवाय फोटो काढा. दार आधीच लोंबत असेल तर आधी बिजागरीची पिन तपासा, नाहीतर चुकीचीच फट माप म्हणून लिहाल.

नवा बल्कहेड पायाच्या बोल्टांवर पुढे-मागे डोलतो. पायाशी अगदी थोडा फरक पडला तरी वर, काचेच्या फ्रेमपाशी, तो कितीतरी मोठा होऊन दिसतो. मापं नसतील तर दार, काच आणि छप्पर तिघांना एकमेकांशी जुळवण्यात महिना जाईल. ज्यांच्या गाड्या बल्कहेड बदलल्यावर अर्धवट पडून राहतात, त्यातल्या बऱ्याच याच ठिकाणी अडकलेल्या असतात.

आउटरिगरही ठोकून बघा. तेही कुजले असतील तर नवा बल्कहेड त्यांच्यावर उभा करून उपयोग नाही. जुन्या बल्कहेडचे पाय शाबूत असतील तर तो जागेवर असतानाच एकेका बाजूचा आउटरिगर बदला, म्हणजे नव्या आउटरिगरची जागा जुना बल्कहेडच धरून ठेवेल. पाय आणि आउटरिगर दोन्ही गेले असतील तर वर्कशॉप मॅन्युअलमधल्या चासीच्या मापांवर काम करावं लागतं, आणि ते मी अनुभवी माणसाकडे सोपवायला सांगेन.

सुटं करण्याचं काम लांबलचक आहे, अवघड नाही. बॅटरी आणि अल्टरनेटरच्या तारा आधी काढा. कूलंट काढून घ्या, हीटरचे पाइप सोडा. एसी असेल तर त्यातला वायू स्वतः हवेत सोडू नका, तो यंत्राने काढून घेणाऱ्याकडे जा. बोनेट, दारं, मडगार्ड, सीट, गिअरबॉक्सवरचं आवरण, पायाखालच्या फळ्या, डॅशबोर्ड, वायपरची मोटर आणि तिच्या नळ्या, पेडलबॉक्स. छपराचे पुढचे बोल्ट पूर्ण आणि बाजूचे काही सैल करून छप्पर लाकडाने हलकं उचलून धरा, मग काचेची फ्रेम सुटते. स्टिअरिंगचा सांधा सोडण्याआधी चाकं सरळ करा आणि दांड्यावर व सांध्यावर एकच रेघ ओढून खूण करा. बोल्ट हलत नसतील तर आदल्या दिवशीपासून गंज सोडवणारं तेल मारत राहा. खांबाच्या पायातला लांब बोल्ट मात्र बहुधा आतल्या नळीत जाम झालेला असतो. तो दोन्ही बाजूंनी कापून काढावा लागला तर वाईट वाटून घेऊ नका, नवा बोल्ट आधीच आणून ठेवा.

वायरिंग हार्नेस, म्हणजे तारांची जुडी, तीस वर्षांचा आहे, त्याचं आवरण कडक झालेलं असणार. ओढू नका. प्रत्येक जोडाला कापडी चिकटपट्टी लावून नाव लिहा, फोटो काढा, आणि थंड दिवशी ताठ झालेली वायर वाकवायची असेल तर आधी ती थोडी गरम होऊ द्या. ब्रेक आणि क्लच दोन्हींचं तेल रंग खातं, सांडलं की लगेच पाण्याने धुवा. उघड्या नळ्यांची तोंडं झाकून ठेवा.

नवा बल्कहेड रंगवण्याआधी गाडीवर एकदा बसवून बघाच. हे पाऊल लोक टाळतात कारण दोनदा उचलायचा कंटाळा येतो. दोघं जण तो आरामात उचलू शकतात. पायाचे बोल्ट हातानेच घट्ट करा, काचेची फ्रेम लावा, छप्पर तिच्यावर टेकवा, दोन्ही दारं टांगा. वहीतली मापं जुळवा. छपराची भोकं काचेच्या फ्रेमच्या भोकांसमोर आली की पुढे-मागेचा तोल बरोबर आला असं समजा. मग दारांच्या फटी बघा: वरची फट खालच्यापेक्षा अरुंद असेल तर बल्कहेड मागे झुकलाय, रुंद असेल तर पुढे. एक बाजू बरोबर आणि दुसरी चुकीची असेल तर शिम कमी-जास्त करावे लागतील. भोक किंचित मोठं करावं लागलं, पत्रा जरा वाकवावा लागला, तर ते आत्ताच करून घ्या. रंगानंतर केलंत तर त्या जागी पुन्हा गंजाला दार उघडाल.

रंगाबद्दल एक गोष्ट ठामपणे सांगतो. जस्तावर साधा तेलरंग थेट मारू नका. नेहमीच्या अल्कीड रंगातलं तेल जस्ताबरोबर रासायनिक क्रिया करून साबणासारखा थर तयार करतं, आणि काही महिन्यांत रंग सालीसारखा निघतो. आधी तेलकटपणा पूर्ण काढा, मग टी-वॉश नावाचं आम्लद्रव्य लावा. त्याने जस्त काळपट पडतं. जिथे पडलं नाही तिथे पृष्ठभाग अजून तेलकट आहे, तो पुन्हा साफ करून पुन्हा लावा. त्यावर इपॉक्सी प्रायमर आणि मग वरचा रंग. दोन भाग मिसळून मारायच्या वरच्या रंगात आयसोसायनेट असतात आणि ते फुप्फुसांना कायमची इजा करू शकतात. कापडी किंवा साध्या धुळीच्या मास्कने काहीही थांबत नाही. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क नसेल तर हे काम रंगाऱ्याकडे द्या.

तुमच्या भावालाही एक निरोप. जस्त चढवलेल्या पत्र्यावर वेल्डिंग करायची वेळ आली तर जोडाच्या भोवतीचं जस्त आधी घासून काढायचं. जस्त ९०७ अंशांना उकळतं, पोलाद वितळतं ते त्याच्या किती तरी वर, साधारण १५०० अंशांच्या आसपास, म्हणजे वेल्डिंगच्या ठिणगीखाली जस्ताची वाफ होणारच. ती श्वासात गेली की काही तासांनी थंडी वाजून ताप येतो, अंग मोडून येतं. दूध प्यायलं की हा धूर बाधत नाही अशी वेल्डरांमध्ये जुनी समजूत आहे. तिच्यावर विसंबू नका. मोकळी हवा, धूर ओढून घेणारा पंखा आणि योग्य मास्क, एवढंच उपयोगाचं. आणि गाडीवर वेल्डिंग करत असाल तर एक माणूस फक्त आग बघायला बसवा. आतलं फोम, जुनं मेण आणि वायरिंग हळूहळू धुमसतं, ज्वाळा बऱ्याच वेळाने दिसतात. काम संपल्यावरही तासभर गाडी सोडून जाऊ नका.

शेवटच्या जोडणीत क्रम बदलू नका. रंगवलेला बल्कहेड पुन्हा सैल बोल्टांवर, काच, छप्पर, दारं, फटी, आणि त्यानंतरच पायाचे बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कने (ठरवून दिलेल्या पिळाच्या जोराने) घट्ट. मडगार्ड आणि सिल (दाराखालच्या पट्ट्या) सगळ्यात शेवटी. त्यांनी बल्कहेडला ओढून जागेवर आणायचा प्रयत्न करू नका, ते त्याच्याप्रमाणे बसले पाहिजेत. ॲल्युमिनियम जिथे टेकतं तिथे मध्ये जॉइंटिंग कंपाउंड किंवा रबरी पट्टी घाला. स्टीलचे चकचकीत स्टेनलेस बोल्ट बघून मोह होतो, पण ओल्या ॲल्युमिनियमशी त्यांचं पटत नाही. शिवाय बाजारात सहज मिळणारा ए२-७० स्टेनलेस बोल्ट ८.८ ग्रेडच्या पोलादी बोल्टापेक्षा कमी ताकदीचा असतो. पाय, पेडल आणि स्टिअरिंग इथे मूळ ग्रेडचेच बोल्ट वापरा.

अर्थिंगकडे दुर्लक्ष झालं तर सुंदर रंगवलेली गाडी तुम्हाला छळेल. जुन्या बल्कहेडवर वायरिंगचे अर्थ जिथे जोडले होते तिथे उघडा धातू होता, नव्यावर आता रंगाचे थर आहेत. इंडिकेटर लावला की भलताच दिवा लुकलुकतो, मीटरचे काटे उगाच नाचतात, तेव्हा बहुतेकदा कारण हेच असतं. अर्थच्या प्रत्येक जागी रंग खरवडून चकाकता धातू काढा, जोड घट्ट करा आणि मग वरून ग्रीस लावा.

सगळं उघडलेलंच आहे तर काही गोष्टी आत्ताच बदलून टाका: हीटरचे पाइप, हवेच्या झडपांचं रबर, काचेच्या फ्रेमखालचं रबर, गंजलेल्या ब्रेकच्या नळ्यांच्या जागी तांबं-निकेलच्या नळ्या. तुमच्या पायाखालचं पाणी खालून आलेलं नसण्याचीच शक्यता जास्त. झडपांच्या किंवा काचेखालच्या रबरातून ते आत आलं, फोमने धरून ठेवलं आणि पत्रा वरून कुजला. ही रबरं तशीच ठेवलीत तर नव्या फूटवेलवरही तेच पाणी साचेल. मॅटखाली पाणी शोषणारा फोम पुन्हा घालू नका. खांब आणि वरच्या पोकळ्यांमध्ये मेण फवारा, आणि पाणी निघून जायची खालची भोकं त्या मेणाने बुजली नाहीत ना ते तारेने बघा.

घरी जमेल का, या तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर हो असं आहे, अटींसह. सुटं करणं, मापं, जुळवणी, जोडणी हे दोघं बहीण-भाऊ करू शकता, जागा झाकलेली असेल आणि गाडी काही आठवडे उभी राहिली तरी अडणार नसेल तर. एका शनिवार-रविवारात होईल असं कुणी सांगितलं तर मनावर घेऊ नका. ब्रेक आणि क्लचमधली हवा काढल्यावर पहिली फेरी मारण्याआधी ब्रेक, स्टिअरिंगचा सांधा आणि पायाचे बोल्ट एखाद्या जाणकाराकडून तपासून घ्या, पैसे पडले तरी. मग मोकळ्या जागी हळू चालवून ब्रेक आजमावा, आणि थोडे किलोमीटर झाले की सगळे बोल्ट पुन्हा टॉर्कला बघा.

कागदपत्रांची काळजीही करायला हवी. गाडीचा क्रमांक चासीवर कोरलेला असतो, तो बल्कहेड बदलल्याने बदलत नाही. पण क्रमांकाची रिबेट मारलेली पट्टी पेडलबॉक्सवर किंवा आसपास असू शकते. ती काढावी लागणार असेल तर नोंदणी कार्यालयाला आधी विचारा, आणि ती जागेवर असतानाचे फोटो जपून ठेवा.

जुना बल्कहेड गाडी चालती होईपर्यंत भंगारात देऊ नका. एखादा कंस नेमका कुठे होता, एखादी वायर कुठल्या भोकातून जात होती, हा प्रश्न काम संपत आल्यावरच पडतो आणि त्याचं उत्तर त्या गंजलेल्या पत्र्यावरच लिहिलेलं असतं. आणि आउटरिगर ठोकून बघितल्यावर काय आवाज आला ते मला जरूर कळवा, फोटोसकट. त्यावरून पुढचं नेमकं सांगता येईल.